दोन बिघडलेले विषाणू आणि एक धडधाकट वारस

एका जिवाणूत एकाच वेळी दोन विषाणू शिरले. दोघांतही दोष आहे, पण प्रत्येकाचा दोष वेगळ्या जागी. अर्ध्या तासाने जिवाणू फुटतो आणि शे-दोनशे नवे विषाणू बाहेर पडतात. बहुतेक सगळे आईबापांच्याच वळणावर गेलेले, म्हणजे एक ना एक दोष घेऊन आलेले. पण अशी लाखो पिल्लं तपासली, तर एखादं अगदी निर्दोष निघतं. आणि त्याच्याच जोडीला एखादं असंही निघतं, की दोन्ही दोष बिचाऱ्याच्या एकट्याच्या वाट्याला आलेत.

निर्दोष पिल्लू कोणी दुरुस्त केलेलं नाही. दोन डीएनएंचे तुकडे एकमेकांत बदलले गेले, एवढंच झालं. याला जनुकीय पुनर्संयोजन म्हणतात. विषाणूंसारख्या सूक्ष्म गोष्टींत असली अदलाबदल चालत असेल, हे १९४६ पर्यंत कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि पुढच्या पंधरा वर्षांत हीच अदलाबदल मोजपट्टी म्हणून वापरून माणसाने जनुकाच्या आतली लांबी मोजली, तीही डीएनएचं एक अक्षर वाचायची सोय नसताना. माझ्या मते विसाव्या शतकातल्या जीवशास्त्रातलं हे सर्वांत स्वस्तातलं मोठं काम आहे.

आधी पात्रपरिचय. जिवाणूंना संसर्ग करणाऱ्या विषाणूंना बॅक्टेरिओफेज म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे नुसतं फेज म्हणतात. १९१५ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट आणि १९१७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फेलिक्स देरेल यांनी ते एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधले. आपल्या गोष्टीतला मुख्य फेज म्हणजे टी-४. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूवर तो जगतो. डोक्यात सुमारे १,६९,००० अक्षरजोड्यांचा डीएनए ठासून भरलेला, खाली आकसणारी शेपटी आणि टेकायला बारीक तंतू. जिवाणूवर बसायचं, डीएनए आत सोडायचा, आणि त्याच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती काढून घ्यायच्या, हा त्याचा धंदा.

हा डोळ्यांना दिसत नाही, मग मोजायचा कसा? कोमट, पातळ अगार (थंड झालं की जेलीसारखं गोठणारा पदार्थ) एका नळीत घ्यायचं. त्यात ई. कोलायचे काही थेंब आणि खूप विरळ केलेलं फेजचं द्रावण घालायचं. पेट्री प्लेटमध्ये आधीच घट्ट झालेल्या अगारवर हे मिश्रण ओतायचं आणि ते सगळीकडे पसरावं म्हणून प्लेट हलकेच फिरवायची. हे भराभर करावं लागतं, नाहीतर अगार नळीतच गोठून बसतं. मग रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. सकाळी प्लेटवर जिवाणूंचा दुधाळ थर आलेला असतो आणि त्यात ठिकठिकाणी स्वच्छ, गोल भोकं. जिथे एक फेज पडला, तिथे त्याने एक जिवाणू फोडला, मग त्याच्या पिल्लांनी शेजारचे फोडले, असं करत भोक तयार झालं. या भोकाला प्लाक म्हणतात. एक प्लाक म्हणजे मुळात एक फेज. भोकं मोजा, फेज मोजले गेले.

प्लाकच्या रूपावरून फेजची जातही कळते. नेहमीच्या टी-४चा प्लाक लहान आणि कडेला धूसर असतो. काही म्युटंट, म्हणजे डीएनएत बदल झालेले फेज, जिवाणूला नेहमीपेक्षा लवकर फोडतात. त्यांचे प्लाक मोठे आणि रेखीव कडांचे. यांना 'आर' म्युटंट म्हणतात. दुसरे काही म्युटंट नेहमीच्या फेजला दाद न देणाऱ्या जिवाणूंवरही चढाई करतात. त्यांना 'एच' म्हणतात. जिवाणूंच्या दोन्ही जाती मिसळून थर केला, की एच फेजचा प्लाक काचेसारखा स्वच्छ दिसतो, कारण तो दोघांना मारतो. साधा फेज एकाच जातीला मारतो, म्हणून त्याचा प्लाक गढूळ.

१९४६ साली अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला भरलेल्या परिषदेत माक्स डेलब्रुक आणि ॲल्फ्रेड हर्शी यांनी वेगवेगळं एकच नवल सांगितलं: दोन निरनिराळे म्युटंट एकाच जिवाणूत सोडले, तर पिल्लांत दोघांपेक्षा वेगळे फेज निघतात. डेलब्रुक मूळचे भौतिकशास्त्रज्ञ आणि स्वभावाने संशयी. एका फेजच्या सहवासाने दुसऱ्यात म्युटेशन घडत असावं, असा त्यांचा पहिला अंदाज होता. हर्शींनी मात्र रेमंड रॉटमन यांच्याबरोबर नीट संकर केले. एका बाजूला एच म्युटंट, दुसऱ्या बाजूला आर म्युटंट. एकाच प्लेटवर चार प्रकारचे प्लाक: स्वच्छ लहान, गढूळ मोठे, हे झाले आईबाप, स्वच्छ मोठे, गढूळ लहान, ही नवी जोडणी. दोन्ही नवे प्रकार जवळपास सारख्या संख्येने आले, आणि अदलाबदल खरी असेल तर असंच व्हायला हवं. शिवाय आर म्युटंट बदलला की नव्या प्रकारांचं प्रमाणही बदलायचं. कुठे शेकडा वीसच्या वर, कुठे जेमतेम दोन.

हे प्रमाण का बदलतं, ते समजून घेतलं की पुढचा सगळा रस्ता मोकळा होतो. एकाच पोथीच्या दोन प्रती आहेत असं समजा. एकीत दहाव्या पानावर डाग पडलाय, दुसरीत नव्वदाव्या. कुठल्यातरी एका पानापाशी दोन्ही प्रती फाडायच्या आणि एकीचा वरचा भाग दुसरीच्या खालच्या भागाला शिवायचा. फाडण्याची जागा दहा आणि नव्वदच्या मध्ये आली, तर दोन शिवलेल्या प्रतींपैकी एक स्वच्छ निघेल आणि एकीत दोन्ही डाग येतील. पण डाग दहाव्या आणि अकराव्या पानावर असतील, तर बरोबर त्यांच्यामध्येच फाटायला हवं, आणि तसं क्वचितच घडणार. म्हणजे स्वच्छ प्रती किती निघाल्या हे मोजलं, की डागांमधलं अंतर कळतं. पोथी वाचता आली नाही तरी चालतं.

फेजच्या बाबतीत प्रकरण थोडं जास्त गोंधळाचं असतं. आत शिरलेल्या डीएनएंच्या अनेक प्रती निघतात आणि त्या एकमेकींशी पुन्हा पुन्हा जुळतात. तीन वेगवेगळे म्युटंट एकाच जिवाणूत घातले, तर तिघांचेही अंश असलेली पिल्लं मिळतात. तीन पालकांचं एक अपत्य! डेलब्रुक आणि निकोलो व्हिस्कोंती यांनी १९५३ साली या सगळ्या गर्दीचं गणितही मांडलं.

आता सीमोर बेंझर. ब्रुकलिनमध्ये वाढलेला, जर्मेनियमच्या अर्धवाहकांवर काम करून डॉक्टरेट मिळवलेला आणि मग फेजच्या नादाला लागलेला माणूस. १९५४ साली ते इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात होते. आर म्युटंट ई. कोलायच्या वेगवेगळ्या जातींवर टाकून बघत असताना एका प्लेटवर एकही प्लाक आला नाही. फेज घालायचाच राहिला की काय, असं त्यांना आधी वाटलं. फेज घातलेला होता. त्या प्लेटवरचे जिवाणू 'के-१२ लॅम्डा' जातीचे होते, म्हणजे त्यांच्या डीएनएत लॅम्डा नावाचा दुसराच एक फेज आधीपासून मुक्काम ठोकून बसलेला होता. तो घरमालकासारखा वागतो आणि आर म्युटंटांच्या एका गटाला, 'आर-टू' गटाला, आत वाढू देत नाही. निर्दोष टी-४ मात्र तिथे खुशाल वाढतो.

रिकामी प्लेट बघून दुसरा कोणी वैतागला असता. बेंझरना त्यात चाळणी दिसली. दोन आर-टू म्युटंटांचा संकर करायचा आणि पिल्लं के जातीवर ओतायची. दोषवाले सगळे अडतील. प्लाक पडेल तो फक्त निर्दोष पिल्लाचा. कोट्यवधी फेजांत एखादाच निर्दोष असला, तरी तो आपण होऊन समोर येणार. हर्शींना प्रत्येक प्लाक न्याहाळून शेकड्यांत हिशेब करावा लागत होता. इथे लाखात एक असलेली घटनाही एका प्लेटवर पकडता येत होती. फळमाशांवर अशी मोजणी करायची तर दुर्मिळ घटना दिसायला किती माश्या पाळाव्या लागल्या असत्या, विचार करा.

प्रत्यक्ष आकडेमोड करून बघू. दोन म्युटंट 'बी' जातीच्या ई. कोलायमध्ये एकत्र सोडले, कारण बी जात दोघांनाही वाढू देते. जिवाणू फुटल्यावर मिळालेल्या द्रावणाचे दोन भाग केले. पहिला भाग दहा लाखपट विरळ करून बी वर ओतला आणि समजा २०० प्लाक आले. म्हणजे मूळ द्रावणाच्या तेवढ्याच मापात २० कोटी फेज आहेत. दुसरा भाग हजारपट विरळ करून के वर ओतला आणि १०० प्लाक आले. म्हणजे निर्दोष पिल्लं एक लाख. पण प्रत्येक निर्दोष पिल्लामागे एक दुहेरी दोषाचंही जन्माला आलंय, ते के वर दिसत नाही. म्हणून एक लाखाचे दोन लाख धरायचे. दोन लाख भागिले वीस कोटी, म्हणजे ०.१ टक्का. हे झालं त्या दोन दोषांमधलं अंतर. जोडीला प्रत्येक म्युटंट एकेकटा के वर ओतून बघायचा, कारण काही म्युटंट आपोआप पूर्वपदावर येतात आणि फुकटचे प्लाक पाडतात. ते वजा केले नाहीत तर हिशेब फसतो.

त्या काळी जनुकाबद्दल समज अशी होती, की ते एक अखंड एकक आहे: एक काम, एक म्युटेशन, आणि अदलाबदल झालीच तर दोन जनुकांच्या मधल्या फटीत. बेंझरच्या प्लेट्सनी ही समज मोडीत काढली. एकाच जनुकातल्या दोन दोषांमध्येही अदलाबदल होत होती, आणि थोडीथोडकी नाही, जवळजवळ कुठेही. त्यांची पद्धत ०.०००१ टक्क्यापर्यंतचं पुनर्संयोजन पकडू शकत होती, पण प्रत्यक्षात मिळालेलं सर्वांत छोटं अंतर ०.०२ टक्क्याच्या आसपास येऊन थांबलं. त्याहून जवळचे दोष म्हणजे एकाच जागेवरचे दोष, त्यांच्यात अदलाबदल शून्य. पट्टी याहून बारीक मोजू शकत असताना अंतर तिथेच अडलं, याचा अर्थ पदार्थच त्याहून बारीक कापला जात नव्हता. हिशेब केला तर हे अंतर डीएनएच्या मोजक्या अक्षरांएवढं भरत होतं. वॉटसन आणि क्रिक यांची दुहेरी सर्पिलाकृती जाहीर होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. आता जनुकांचा नकाशा आणि डीएनएची शिडी एकमेकांवर ठेवून बघता येऊ लागली.

पण हजारो म्युटंट जमल्यावर प्रत्येकाचा प्रत्येकाशी संकर करायचा म्हटलं तर लाखो प्लेट्स लागल्या असत्या. इथे बेंझरच्या मदतीला एक वेगळ्या प्रकारचे म्युटंट आले. त्यांच्यात एका अक्षराची चूक नव्हती, सलग एक भागच गळालेला होता. पोथीची पंधरा-वीस पानंच गायब. असा म्युटंट कधीच पूर्वपदावर येत नाही. आणि दुसऱ्या म्युटंटाचा दोष नेमका त्या गळालेल्या पानांत असेल, तर कितीही संकर करा, निर्दोष पिल्लू निघणं अशक्य, कारण चांगली पानं दोघांकडेही नाहीत. म्हणून कमी-जास्त लांबीचा भाग गळालेले सात निवडक फेज घ्यायचे, नवा म्युटंट प्रत्येकाबरोबर के वर सोडायचा आणि फक्त बघायचं: प्लाक आले की नाही? मोजदाद नाही, टक्केवारी नाही, हो किंवा नाही. सात उत्तरांवरून दोष कुठल्या पट्ट्यात आहे ते कळतं. मग त्या पट्ट्यापुरते आणखी बारीक गळतीचे फेज घेऊन जागा आवळत न्यायची. शेवटी अगदी शेजारी राहणाऱ्या म्युटंटांचाच आपसांत संकर करायचा. मला या सगळ्या कामातला हा भाग सर्वांत देखणा वाटतो.

१९६१ साली त्यांनी छापलेल्या नकाशात आपोआप उद्भवलेली सोळाशेहून जास्त म्युटेशन्स बसवलेली आहेत. ती सारखी पसरलेली नाहीत. बऱ्याच जागी एकेकच नोंद, आणि एका जागी तर पाचशेहून जास्त. म्हणजे डीएनएत काही जागा मुळातच चुकांना जास्त बळी पडतात. अशा जागांना आजही हॉटस्पॉट म्हणतात.

इथे एक गल्लत हमखास होते. दोन आर-टू म्युटंट एकत्र के जातीत घातले, तर कधीकधी भरपूर पिल्लं निघतात, लाखात एक वगैरे नाही. हे पुनर्संयोजन नव्हे. फेजच्या डीएनएच्या ज्या प्रदेशात आर-टू दोष पडतात, तिथे शेजारी-शेजारी दोन जनुकं आहेत, ए आणि बी (या बीचा जिवाणूंच्या बी जातीशी संबंध नाही). एकाचं ए बिघडलं असेल आणि दुसऱ्याचं बी, तर दोघं मिळून लागणारी दोन्ही प्रथिनं पुरवतात आणि दोघांचंही निभावतं. याला पूरकता म्हणतात. बाहेर पडणारी पिल्लं मात्र बहुतांशी दोषवालीच राहतात, कारण डीएनएत काही बदललेलं नसतं. पूरकतेतून दोष एकाच जनुकात आहेत की दोन, हे कळतं. पुनर्संयोजनातून ते किती लांब आहेत, हे कळतं. परीक्षेत या दोन्हींची खिचडी होते ती विद्यार्थ्यांच्या चुकीने कमी आणि दोन्ही गोष्टी एकाच आकृतीत कोंबणाऱ्या पाठ्यपुस्तकांमुळे जास्त.

बेंझरच्या याच प्रदेशाचा फायदा घेऊन फ्रान्सिस क्रिक, सिडनी ब्रेनर, लेस्ली बार्नेट आणि रिचर्ड वॉट्स-टोबिन यांनी १९६१ साली केंब्रिजमध्ये जनुकीय लिपी तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते हे दाखवलं. प्रोफ्लेविन नावाच्या रंगद्रव्याने डीएनएत एखादं अक्षर घुसतं किंवा गळतं. एक अक्षर जास्त झालं की पुढचं सगळं वाचन सरकतं आणि जनुक निकामी होतं. दोन अक्षरं जास्त, तरी निकामी. तीन जास्त, आणि जनुक पुन्हा चालू! ही तीन म्युटेशन्स एकाच फेजमध्ये आणायला त्यांच्याकडे संकराशिवाय दुसरं साधन नव्हतं. आज जे आपण मागवून बनवून घेऊ, ते त्यांनी प्लाक निवडत निवडत जमवलं.

अदलाबदल होते म्हणजे प्रत्यक्षात काय होतं? बराच काळ दोन मतं होती. एक म्हणे, प्रत काढणारी यंत्रणा मध्येच एका डीएनएवरून दुसऱ्यावर उडी मारते. दुसरं म्हणे, डीएनए खरोखर तुटतो आणि नव्याने सांधला जातो. १९६१ साली मॅथ्यू मेसेल्सन आणि जाँ वाइगल यांनी लॅम्डा फेज कार्बन आणि नायट्रोजनच्या जड समस्थानिकांवर वाढवून त्याचा हलक्या फेजशी संकर केला आणि पिल्लं वजनानुसार वेगळी केली. नव्या जोडणीच्या पिल्लांत पालकांचा मूळ जड डीएनए सापडला. नुसत्या प्रती काढल्या असत्या तर तो तिथे असायचं कारण नव्हतं. तुटणं आणि सांधणं खरं ठरलं.

टी-४ या कामासाठी स्वतःची हत्यारं बाळगतो. एक प्रथिन डीएनएच्या उघड्या पडलेल्या एकेरी धाग्याला लगडून त्याला गुंतू देत नाही, दुसरं तो धागा जुळणाऱ्या दुहेरी डीएनएत घुसवतं, आणि दोन डीएनए जिथे एकमेकांत अडकतात तो सांधा तिसरं कापून मोकळा करतं. एवढा खटाटोप कशाला? एक कारण साल्व्हादोर लुरिया यांच्या १९४७ सालच्या प्रयोगात दिसलं होतं. अतिनील किरणांनी मारलेले फेज एकेकटे गेले तर मेलेलेच. पण एका जिवाणूत दोन-तीन एकदम शिरले, तर बरेचदा जिवंत पिल्लं निघतात. दुसरं कारण आणखी निकडीचं आहे. संसर्गाच्या उत्तरार्धात टी-४च्या डीएनएच्या नव्या प्रती काढायला सुरुवातच पुनर्संयोजनातून होते: घुसलेल्या धाग्याचं टोक पुढे वाढवत प्रत निघते. अदलाबदल बंद पाडली, तर पिल्लांची संख्याच कोसळते. म्हणजे ज्याला आपण संकर म्हणून मोजत होतो, तो फेजच्या लेखी रोजच्या कामाचा भाग आहे.

मुंबईशी या गोष्टीचा एक धागा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचं काम सुरू करणारे ओबेद सिद्दिकी मूळचे पुनर्संयोजनाचेच अभ्यासक. आधी बुरशीत, मग ई. कोलायमध्ये. पुढे बेंझर फेज सोडून अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत फळमाशांच्या वागणुकीमागे लागले, तेव्हा सिद्दिकींनी त्यांच्याबरोबर तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर काम केलं.

निसर्गातल्या फेजांचे डीएनए वाचता येऊ लागल्यावर दिसलं, की बरेचसे फेज म्हणजे गोधडीच आहेत. डोक्याची जनुकं एका घराण्याची, शेपटीची दुसऱ्या. वंशावळ एका फांदीवर बसवता येत नाही.

ही देवघेव आता उपचारासाठी जाणूनबुजून घडवली जाते. लंडनमध्ये एका किशोरवयीन रुग्णाला फुप्फुसं बदलल्यानंतर मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस या जिवाणूचा संसर्ग झाला होता आणि अँटिबायोटिक्स चालत नव्हती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या उपचारात तीन फेज दिले गेले. एक, 'मडी' नावाचा, दक्षिण आफ्रिकेतल्या सडक्या वांग्यावर सापडलेला. तो जसाच्या तसा चालला. बाकी दोघांना जिवाणूच्या आत दडून बसायची सवय होती. पिट्सबर्ग विद्यापीठात ग्रॅहम हॅटफुल यांच्या गटाने त्यांचं दडी मारायला लावणारं जनुक काढून टाकलं. पद्धत ओळखीची वाटेल: फेजचा डीएनए आणि तो भाग वगळलेला एक तुकडा एकदम जिवाणूत घालायचा, आत अदलाबदल होऊ द्यायची, आणि बाहेर आलेल्या प्लाकांतून हवा तो फेज हुडकायचा.

जॉर्जियातल्या तिबिलिसीमध्ये तर याहून जुनी रीत आहे. अनेक फेज एकत्र करून त्यांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर सोडायचं, वर आलेलं द्रावण पुन्हा तशाच जिवाणूंवर, असं फेऱ्यांवर फेऱ्या. काही फेऱ्यांनंतर आधी न फुटणारे जिवाणू फुटू लागतात. दशकानुदशकं ही रीत हाताच्या अनुभवावर चालली. २०१९ साली स्यूडोमोनास जिवाणूवर ती करून शेवटी मिळालेल्या फेजांचे डीएनए वाचले, तेव्हा ते सुरुवातीला घातलेल्या फेजांच्याच तुकड्यांची नवी जुळणी निघाले.